सरावाला आणि शर्यतीला एकच बूट : गोव्यातील नव्या धावकांनी हलका, लवचीक जोड कसा निवडावा

पावसाळा सरला की मिरामार ते दोनापावला रस्त्यावर, फातोर्ड्याच्या स्टेडियमभोवती आणि बांबोळीच्या मैदानाकडे पहाटे धावणाऱ्यांची संख्या वाढू लागते. त्यांतले बरेच जण पहिल्यांदाच दहा किंवा एकवीस किलोमीटरच्या शर्यतीची तयारी करत असतात, आणि त्यांच्यापैकी जवळजवळ प्रत्येकाचा पहिला प्रश्न बुटांचा असतो. दुकानात गेल्यावर एक विक्रेता जाड तळाचा मऊ बूट पुढे करतो, दुसरा कार्बनची पट्टी असलेला महागडा जोड दाखवतो, आणि घरी परतल्यावर मोबाइलवर तिसरेच काही वाचायला मिळते. मीही या गोंधळातून गेलो आहे, आणि पुढे अनेक नव्या सोबत्यांबरोबर बूट घ्यायला दुकानांत गेलो आहे. त्यातून जे स्पष्ट झाले ते येथे क्रमाने मांडत आहे.

हा लेख अशा वाचकासाठी आहे, ज्याला सध्या एकाच जोडावर सरावही करायचा आहे आणि शर्यतही धावायची आहे. माझे ठाम मत असे आहे की अशा धावकाने कार्बन पट्टीच्या मागे लागू नये आणि अगदी कागदासारखा पातळ तळही निवडू नये. मध्यम जाडीचा फोम, चवड्यापाशी सहज वाकणारा तळ आणि पुढे बोटांना मोकळी जागा असलेला हलका बूट त्याला सर्वांत जास्त उपयोगी पडतो. तो ओळखायचा कसा, हाच पुढचा विषय आहे.

१. आधी हलकेपणा आणि लवचीकपणा म्हणजे काय ते समजून घ्या

बुटाचे चार भाग ओळखता आले की विक्रेत्याचे बोलणे कळू लागते. पाय झाकणारा जाळीदार कापडाचा भाग म्हणजे अप्पर, टाचेला मागून धरणारी कडक वाटी म्हणजे हील काउंटर, पायाखालचा फोमचा जाड थर म्हणजे मिडसोल आणि जमिनीला टेकणारा रबराचा थर म्हणजे आउटसोल. टाचेखालचा तळ चवड्याखालच्या तळापेक्षा जितका जाड असेल, त्या फरकाला ड्रॉप म्हणतात. जुन्या धाटणीच्या सरावाच्या बुटांत हा फरक १० ते १२ मिलिमीटर असतो, हलक्या लवचीक बुटांत तो बहुधा ४ ते ८ मिलिमीटर असतो, आणि काही बुटांत तो शून्यही असतो.

वजनाचा अंदाज पुरुषांच्या यूके ८ किंवा ९ मापावरून घ्यावा, कारण कंपन्या साधारण त्याच मापाचे वजन जाहीर करतात. नेहमीच्या सरावाचा बूट २५० ते ३०० ग्रॅमच्या दरम्यान असतो. सराव आणि शर्यत या दोन्हींना चालणारा हलका बूट साधारण २०० ते २४० ग्रॅमचा असतो. केवळ शर्यतीसाठी केलेले पातळ तळाचे बूट त्याहूनही हलके असतात. स्त्रियांच्या बुटांचे माप लहान असल्यामुळे त्यांचे आकडे कमी दिसतात, त्यामुळे दोन बुटांची तुलना करताना दोन्ही आकडे एकाच मापाचे आहेत ना, हे पाहून घ्यावे.

वजनाला किती महत्त्व द्यावे, याचाही एक ठोकताळा उपलब्ध आहे. प्रत्येक बुटाचे वजन १०० ग्रॅमने वाढले की धावण्याला लागणारी ऊर्जा सुमारे १ टक्क्याने वाढते, असे प्रयोगशाळेतील मोजमापांतून वारंवार दिसून आले आहे. म्हणजे २८० ग्रॅमऐवजी २२० ग्रॅमचा बूट घेतल्यास अर्ध्या टक्क्याहून किंचित अधिक बचत होते. एकवीस किलोमीटरच्या अंतरात हा फायदा जाणवण्याजोगा आहे, पण बूट पायाला नीट बसत नसेल तर पहिल्या फोडाबरोबरच तो संपतो. म्हणून दोन बुटांमध्ये २० ग्रॅमचा फरक असेल आणि जड बूट पायात अधिक बरा वाटत असेल, तर जड बूट घ्यावा.

लवचीकपणाच्या बाबतीत नवख्यांचा सर्वांत मोठा घोटाळा होतो तो कार्बन पट्टीमुळे. मिडसोलमध्ये कडक पट्टी आणि अतिशय उसळणारा फोम असलेले शर्यतीचे बूट २०१७ पासून बाजारात दिसू लागले. केनियाचा धावपटू एलियुड किपचोगे याने १२ ऑक्टोबर २०१९ रोजी व्हिएन्ना येथे मॅरेथॉनचे अंतर १ तास ५९ मिनिटे ४० सेकंदांत पूर्ण केले, तेव्हा त्याच्या पायात याच प्रकारचे बूट होते. पुढे जागतिक अ‍ॅथलेटिक्स संघटनेने २०२० मध्ये रस्त्यावरील शर्यतींसाठी तळाची जाडी ४० मिलिमीटरपर्यंत मर्यादित केली आणि एका बुटात एकाहून अधिक पट्टी नको, असा नियम केला. हे बूट वजनाला हलके असतात, पण लवचीक नसतात, कारण ते मुद्दामच न वाकणारे केलेले असतात. वेगवान आणि सरावलेल्या धावकांना त्यांचा लाभ होतो. नवख्याला मात्र उंच, मऊ तळामुळे वळणावर पाय डळमळतो, रोजच्या सरावात फोम लवकर दबतो आणि खिशालाही मोठा भार पडतो. दुसऱ्या टोकाला, इथिओपियाचा धावपटू अबेबे बिकिला याने १९६० साली रोममध्ये ऑलिम्पिक मॅरेथॉन अनवाणी जिंकली होती. त्याचे दाखले देऊन अगदी पातळ तळाचा आग्रह धरणारे लोकही भेटतात. पण बिकिलाचे पाय त्या धावण्याला आधीपासून सरावलेले होते, आणि शहरात बुटात वावरलेल्या आपल्या पायांची स्थिती तशी नसते.

२. आपण कोणत्या जमिनीवर धावणार आहोत, ते ठरवा

बुटाचा तळ घरातल्या गुळगुळीत फरशीवर पाहिला जातो आणि वापरला जातो रस्त्यावर. म्हणून दुकानात जाण्यापूर्वी आठवड्याभराचे आपले मार्ग डोळ्यांसमोर आणावेत. पणजीतील वाचकाला मिरामार-दोनापावला हा डांबरी रस्ता मिळतो, कांपालच्या बाजूला पेव्हर ब्लॉकचा पदपथ मिळतो, आणि पाटो ते रायबंदर हा सतराव्या शतकात पोर्तुगीजांनी बांधलेला सपाट बांधरस्ता मिळतो, जो पुढे जुन्या गोव्यापर्यंत नेतो. आल्तिनोची चढण त्याच शहरात आहे. डिचोली, सत्तरी, सांगे या भागांत जांभ्याच्या तांबड्या, खडेयुक्त पायवाटा आहेत. खाजन जमिनींच्या बांधांवरही बरेच जण धावतात. आणि किनाऱ्यावरची वाळू तर सर्वांनाच जवळ आहे.

डांबर आणि पदपथ हाच मुख्य मार्ग असेल तर रस्त्याचा हलका बूट पुरेसा आहे. त्याच्या तळाला खोल खाचा नसल्या तरी चालतात, पण टाचेच्या बाहेरच्या कडेला आणि अंगठ्याखाली रबराचे तुकडे अवश्य असावेत. वजन वाचवण्यासाठी काही बुटांचा जवळजवळ सगळा तळ उघड्या फोमचाच ठेवलेला असतो. असा तळ कोरड्या रस्त्यावर छान वाटतो, मात्र जांभ्याच्या खड्यांवर तो लवकर झिजतो, आणि ओल्या गुळगुळीत पेव्हरवर सहसा रबराइतकी पकड देत नाही. गोव्यात वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. या काळात सावलीतल्या पदपथांवर, चिऱ्यांच्या पायऱ्यांवर आणि पुलांच्या कडांना शेवाळ धरते. ज्यांना पावसातही सराव चालू ठेवायचा आहे, त्यांनी पाच-दहा ग्रॅम जास्त गेले तरी चालतील, पण रबर पुरेसे आहे ना, हे पाहावे.

तांबड्या पायवाटांवर आठवड्यातून एकदाच जाणे असेल तर रस्त्याचाच बूट चालवून घ्यावा. बहुतेक धावणे तिथेच होत असेल, तर खाचांचा ट्रेल बूट घ्यावा लागेल आणि या लेखातले वजनाचे आकडे त्याला लागू पडणार नाहीत. वाळूविषयी एवढेच सांगतो की समुद्राकडे उतरता किनारा दोन्ही पायांना सारखा भार देत नाही आणि बारीक वाळू जाळीतून आत शिरून मोज्याशी घासत राहते, म्हणून शर्यतीचा जोड वाळूत नेऊ नये.

३. आपले पाय बुटाला तयार आहेत का, ते तपासा

कमी ड्रॉपचा लवचीक बूट टाचेवरचा भार काही प्रमाणात पोटरीवर आणि टाचेमागच्या जाड शिरेवर, म्हणजे अकिलीस टेंडनवर टाकतो. त्यामुळे ज्यांची ही शीर दुखते, ज्यांना गेल्या काही महिन्यांत पायाच्या हाडाला बारीक तडा गेला होता, किंवा मधुमेहामुळे ज्यांच्या तळव्यांची संवेदना कमी झाली आहे, त्यांनी असा बूट घेण्यापूर्वी अस्थिरोगतज्ज्ञाचा किंवा फिजिओथेरपिस्टचा सल्ला घ्यावा. ही सूचना औपचारिकता म्हणून दिलेली नाही. बधिर तळव्याला झालेला फोड कळत नाही आणि त्याचे रूपांतर जखमेत होते.

ओल्या पायाचा ठसा जमिनीवर उमटवून, तळव्याची कमान पाहून बुटाचा प्रकार ठरवण्याची पद्धत अजूनही अनेक दुकानांत सांगितली जाते. अमेरिकी लष्करातील प्रशिक्षणार्थींना या पद्धतीने बूट देऊन तपासणी झाली, तेव्हा दुखापतींत म्हणावी तशी घट आढळली नाही. ठशाचा उपयोग चवडा किती रुंद आहे हे कळण्यापुरता करावा, आणि बाकीचा निर्णय पायात बूट कसा वाटतो यावर सोपवावा.

४. दुकानात जाताना बरोबर न्यायच्या वस्तू

यादी छोटी आहे, पण यातली एखादी गोष्ट राहिली तर फेरी वाया जाते.

• ज्या मोज्यांवर आपण धावतो, तोच धुतलेला जोड. दुकानातले पातळ मोजे किंवा ऑफिसचे मोजे घालून घेतलेले माप चुकते.
• सध्या वापरात असलेला जुना बूट, मग तो साधा कॅनव्हासचा का असेना.
• दोन्ही पायांची कागदावर काढलेली बाह्यरेषा आणि सेंटिमीटरमधली लांबी-रुंदी.
• पायात सांध्याचा आधार किंवा वेगळा इनसोल (बुटाच्या आत तळव्याखाली घालायची सुटी गादी) वापरत असाल तर तो.
• कोणत्या अंतराची शर्यत आहे, आठवड्याला किती किलोमीटर धावणे होते आणि जास्तीत जास्त किती खर्च करायचा आहे, हे लिहिलेली चिठ्ठी.

चिठ्ठीचा आग्रह यासाठी की दुकानातल्या दिव्यांखाली ठरवलेली रक्कम हळूहळू वर सरकत जाते.

५. माप काटेकोरपणे घ्या

बुटाच्या निवडीत सर्वांत जास्त वेळ मापाला द्यावा, कारण बाकीच्या उणिवा सोसता येतात, चुकीचे माप सोसता येत नाही.

घरी संध्याकाळी भिंतीला टाच टेकवून कोऱ्या कागदावर उभे राहावे. वजन दोन्ही पायांवर सारखे असावे. दुसऱ्या कुणाकडून पेन्सिल उभी धरून पायाची रेषा काढून घ्यावी, कारण स्वतः वाकून काढली की पायाचा आकार बदलतो. टाचेपासून सर्वांत लांब बोटापर्यंतचे अंतर मोजावे. सर्वांत लांब बोट अंगठाच असेल असे नाही, अनेकांचे दुसरे बोट लांब असते. मग चवड्याची सर्वांत रुंद जागा मोजावी. बहुतेकांचा एक पाय दुसऱ्यापेक्षा थोडा मोठा असतो, आणि बूट नेहमी मोठ्या पायाच्या मापाने घ्यायचा असतो.

दुकानात संध्याकाळी जावे. दिवसभर उभे राहिल्याने आणि आपल्याकडच्या उकाड्याने पाय किंचित सुजतात, आणि लांब पल्ल्याच्या धावण्यातही ते असेच सुजतात. सकाळी नेमका बसलेला बूट पंधराव्या किलोमीटरला बोटे आवळू लागतो आणि अंगठ्याचे नख काळे पडते. उभे राहिल्यावर सर्वांत लांब बोट आणि बुटाचे टोक यांत अंगठ्याच्या रुंदीइतकी, म्हणजे सुमारे एक ते दीड सेंटिमीटर जागा उरली पाहिजे. यामुळे धावण्याचा बूट ऑफिसच्या बुटापेक्षा अर्धा, कधी एक माप मोठा निघतो. त्यात वावगे काही नाही.

कंपन्यांच्या मापांवर डोळे झाकून विसंबू नये. यूके ८ हे एका कंपनीत युरोपीय ४२ असते तर दुसरीत ४२.५ असते, आणि अमेरिकी माप पुरुषांच्या बुटांत यूकेपेक्षा अर्ध्याने किंवा एकाने मोठे लिहिलेले असते. जिभेच्या आतल्या लेबलावर बहुधा सेंटिमीटरचाही आकडा असतो; आपण कागदावर मोजलेल्या लांबीशी ताडून पाहायला तोच सर्वांत भरवशाचा. ऑनलाइन मागवणाऱ्यांनी तर याच आकड्यावरून माप ठरवावे, आणि मागवण्यापूर्वी परत करण्याची मुदत व अटी वाचाव्यात.

रुंदीकडे आपल्याकडे फारच दुर्लक्ष होते. वर्षाचे बरेच दिवस चपलांत वावरणाऱ्या आपल्या पायांचे चवडे पसरट असतात, आणि हलके शर्यतीचे बूट मात्र बहुधा अरुंद साच्यावर बेतलेले असतात. पुरुषांच्या बुटांत डी ही साधारण रुंदी आणि २ई ही रुंद, तर स्त्रियांच्या बुटांत बी ही साधारण आणि डी ही रुंद समजली जाते. करंगळीच्या बाजूला अप्पर फुगलेले दिसत असेल तर लांबीचे माप वाढवू नये. रुंद आवृत्ती मागावी किंवा दुसरी कंपनी पाहावी. लांबी वाढवून रुंदी मिळवली की टाच मागे सुटते आणि उतारावर पाय पुढे घसरतो. रुंद चवड्याच्या स्त्रियांना काही वेळा पुरुषांच्या विभागातील लहान माप अधिक चांगले बसते. विचारायला संकोच करू नये.

६. हातात घेऊन चार तपासण्या करा

पहिली तपासणी वाकण्याची. एका हाताने टाच धरावी, दुसऱ्या हाताने बुटाचे टोक वर ढकलावे. बूट जिथे आपल्या पायाची बोटे वाकतात त्याच ठिकाणी, म्हणजे चवड्याच्या रेषेत वाकला पाहिजे. तो मध्यावर, कमानीखाली दुमडत असेल तर तो लवचीक नसून कमकुवत आहे. अशा बुटात तळवा लवकर थकतो. अजिबात वाकत नसेल तर आत पट्टी असण्याची शक्यता आहे.

दुसरी पिळण्याची. टाच स्थिर धरून पुढचा भाग ओला कपडा पिळावा तसा फिरवावा. थोडा पीळ बसावा, पण बूट पूर्ण उलटा फिरू नये. तिसरी टाचेच्या वाटीची: मागून दोन बोटांनी दाबल्यावर ती थोडी दबून परत उभी राहावी. हलक्या बुटांत ही वाटी मऊ असते, त्यात दोष नाही. वरच्या काठाची शिवण टाचेला घासत नाही, एवढे मात्र बोट फिरवून पाहावे.

चौथी तपासणी फोमची. बाजूने अंगठ्याने मिडसोल दाबावा. साध्या ईव्हीए फोमचा बूट थोडा घट्ट लागतो, तो स्वस्त असतो आणि बराच टिकतो. पेबा प्रकारचा फोम फारच हलका आणि उसळता असतो, पण महाग असतो आणि साधारणपणे लवकर थकतो. पहिल्या जोडासाठी ईव्हीएचा किंवा ईव्हीए-मिश्रित फोमचा बूट घ्यावा, असे माझे मत आहे.

७. पायात घालून धावून पाहा

दोन्ही बूट घालून, नाड्या नीट बांधून किमान पाच-दहा मिनिटे बूट पायात ठेवावेत. नुसते चालून काही कळत नाही. दुकानात ट्रेडमिल असेल तर त्यावर, नसेल तर विक्रेत्याची परवानगी घेऊन दुकानातल्या मोकळ्या जागेत धावून पाहावे. टाच वर सुटते का, कमानीखाली काही टोचते का, जीभ एका बाजूला सरकते का, वळताना पाय काठावरून बाहेर जातो का, याकडे लक्ष द्यावे. टाच किंचित सुटत असेल तर नाडीची सर्वांत वरची जादा छिद्रे वापरून बांधून पाहावे; त्याने बहुधा काम भागते.

वापरल्यावर सैल होईल, असे विक्रेता म्हणाला तर तो बूट घेऊ नये. चामड्याचा बूट सैल होतो. जाळीचा धावण्याचा बूट पहिल्या दिवशी जसा बसतो, जवळजवळ तसाच शेवटपर्यंत बसतो.

सारखेच वाटणारे दोन बूट उरले तर डाव्या पायात एक आणि उजव्या पायात दुसरा घालून धावावे, मग अदलाबदल करावी. ज्या पायाकडे आपले लक्षच जात नाही, त्या पायातला बूट आपला.

८. किंमत, सवलत आणि नकली माल

गेल्या वर्षीची आवृत्ती सवलतीत मिळत असेल तर आनंदाने घ्यावी; एका वर्षात बुटात क्वचितच एवढा बदल होतो की नव्यासाठी जादा पैसे मोजावेत. मात्र लेबलावर निर्मितीची तारीख असेल तर ती पाहावी. पेटीत बरीच वर्षे पडून राहिलेल्या बुटाचा डिंक सुकलेला असतो. पॉलियुरेथेनचा तळ तर आपल्या दमट हवेतल्या बाष्पाने आतून कुजतो, आणि न वापरलेला बूटही पहिल्याच धावण्यात चुरा होऊन गळू लागतो. ईव्हीए फोमला हा रोग होत नाही.

नामांकित कंपनीचा बूट निम्म्याहून कमी किमतीत, पेटीविना, बिलाविना मिळत असेल तर तो नकली समजावा. दोन्ही बुटांवरचा मॉडेल क्रमांक आणि पेटीवरचा क्रमांक एकच आहे का पाहावे, शिवण आणि डिंकाचे डाग तपासावेत. बिल आणि पेटी निदान दोन महिने जपून ठेवावी. तळ उखडला तर बिलाशिवाय कुणी दाद देत नाही. दुकानदाराने टाळाटाळ केली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते.

९. नव्या बुटाची सवय हळूहळू लावा

नवा हलका बूट पायात येताच मन भरारी घेते, पण पोटऱ्यांना जुळवून घ्यायला वेळ लागतो. पहिल्या आठवड्यात दोनदाच, तीन-तीन किलोमीटर, सपाट रस्त्यावर आणि सावकाश धावावे. उरलेला सराव जुन्या बुटात करावा. दुसऱ्या आठवड्यात अंतर पाच किलोमीटरवर न्यावे. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात थोडा वेगाचा सराव आणि एक लांब धाव या बुटात करावी. आल्तिनो किंवा पर्वरीसारखी चढण सर्वांत शेवटी घ्यावी, कारण चढावर पोटरीवर सर्वाधिक ताण येतो. पोटरी जड वाटणे स्वाभाविक आहे. पण सकाळी उठल्यावर टाचेमागची शीर आखडलेली असेल किंवा एका ठिकाणी बोट ठेवून दाखवता येईल अशी वेदना असेल, तर काही दिवस थांबावे आणि ड्रॉप जास्त असलेल्या जुन्या बुटात परतावे.

जुना बूट टाकून न देण्याचे आणखी एक कारण आहे. दोन जोड आळीपाळीने वापरले तर पायावरचा ताण दर वेळी थोडा बदलतो आणि प्रत्येक जोडाला पूर्ण सुकायला वेळ मिळतो.

१०. शर्यतीच्या आधी

शर्यतीच्या दिवशी कोरा बूट घालू नये, हा नियम सर्वांना माहीत असतो आणि तरीही मोडला जातो. बुटावर एकूण ४० ते ८० किलोमीटर झालेले असावेत आणि त्यात शर्यतीच्या अंतराच्या जवळ जाणारी निदान एक धाव असावी. त्या धावेला शर्यतीचेच मोजे आणि नाडी बांधण्याची तीच पद्धत वापरावी. डिसेंबरमध्ये वास्को भागात होणारी गोवा रिव्हर मॅरेथॉन असो किंवा इतर शर्यत, पहाटेच्या गारव्यात सुरू झालेले धावणे एकवीस किलोमीटर संपेपर्यंत उन्हात येते. पाय घामाने भिजतात, वाटेत डोक्यावर ओतलेले पाणी बुटात उतरते. म्हणून सरावात एकदा मुद्दाम बूट भिजवून पाच किलोमीटर धावून पाहावे. पाणी जाळीतून लवकर निथळते का, आतला इनसोल सरकून गोळा होतो का, हे तेव्हाच कळते, आणि फोड येणाऱ्या जागा कळल्या की तिथे पेट्रोलियम जेली लावता येते.

११. दमट हवेत निगा आणि बदलण्याची वेळ

धावून आल्यावर नाड्या सैल कराव्यात, इनसोल बाहेर काढावा आणि आत वर्तमानपत्राचे बोळे भरून बूट पंख्याखाली ठेवावा. तास-दोन तासांनी कागद बदलावा. पावसाळ्यात एका रात्रीत बूट सुकत नाही आणि ओला बूट बंद कपाटात ठेवला की बुरशी धरते. उन्हात वाळत घालणे, हेअर ड्रायर लावणे, गाडीच्या डिकीत दिवसभर ठेवणे या तिन्ही गोष्टी टाळाव्यात, कारण उष्णतेने डिंक सुटतो आणि फोम आखडतो. वॉशिंग मशीनमध्ये बूट टाकू नये. गार पाणी, थोडा साबण आणि जुना दातांचा ब्रश पुरेसा आहे. किनाऱ्यावर गेलाच असाल तर खारे पाणी आणि वाळू त्याच दिवशी गोड्या पाण्याने काढावी.

सरावाचा साधा बूट ५०० ते ८०० किलोमीटर चालतो असे मानले जाते. हलक्या बुटाने ४०० ते ५०० दिले तरी त्याने आपले काम केले. आठवड्याला २५ किलोमीटर धावणाऱ्याला हा जोड चार-पाच महिने पुरतो, म्हणून खरेदीची तारीख बुटाच्या जिभेखाली पेनाने लिहून ठेवावी आणि किलोमीटरची नोंद मोबाइलवर ठेवावी. आकड्यापेक्षाही खुणा पाहाव्यात: मिडसोलच्या बाजूला आडव्या सुरकुत्या कायमच्या पडणे, टेबलावर ठेवल्यावर बूट एका बाजूला कलणे, रबर संपून फोम दिसू लागणे, आणि नेहमीच्याच अंतरानंतर गुडघे किंवा नडग्या दुखू लागणे. यांतल्या दोन खुणा एकत्र दिसल्या की पुढच्या शर्यतीला निदान सहा आठवडे उरलेले असतानाच नवा जोड घ्यावा, म्हणजे सवय लावण्याचा क्रम घाई न करता पूर्ण होतो. जुना जोड चालण्यासाठी किंवा बागकामासाठी ठेवता येतो. धावण्यासाठी तो पुन्हा काढू नये.